आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत

ज्वारीच्या पिठात ऊन पाणी ओतून मी मळायला बसले होते. पीठ निम्मं भिजलेलं, निम्मं कोरडं, एवढ्यात मागच्या दारात यासीनभाई येऊन उभे राहिले.

"वहिनी, दोन झाकणं द्या. एक मोठं, एक त्याच्याहून ल्हान."

"कशाला हो?"

"द्या तर."

पिठाच्या हातांनी डबे धरवेनात, म्हणून त्यांनीच फडताळ उघडलं. डाळीच्या डब्याचं मोठं झाकण आणि हळदीच्या डब्याचं लहान, दोन्ही पाठीला पाठ लावून चिमटीत धरली आणि ओट्याच्या कडेवरून फिरवली. लहान झाकण ओट्यावरून चाललं. मोठं ओट्याच्या बाहेर खाली लोंबत, कडेला घासत, सरळ पुढं गेलं.

"बघा. पडतंय का?"

"न्हाई."

"मला असली चाकं पायजेत. लोखंडाची. चार."

एवढं बोलून माझी झाकणं खिशात घालून ते निघाले. मला राहवेना. पिठाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्या मागोमाग गॅरेजपर्यंत गेले. भाकरीला त्या दिवशी उशीर झाला, आणि आमच्या घरच्यांनी त्यावरून दोन शब्द ऐकवले, ते मी वहीत लिहून ठेवले आहेत. पण त्या सोमवारपासूनचे आठ दिवस मी रोज वहीत भाकरीपेक्षा यासीनभाईंचंच जास्त लिहिलं. तेच इथं नीट लावून सांगते.

यासीनभाई म्हणजे वडवणीचे ट्रॅक्टर मिस्त्री. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक, उजव्या हाताचं करंगळीचं पेर गेलेलं. त्यांचं गॅरेज आमच्या परसदाराला लागून आहे, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. चोवीस वर्षं झाली, त्या भिंतीवरून साखर, मीठ, पाने, स्क्रू असं सगळं इकडून तिकडं जातं. मी संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून माळ घेऊन बसते. माझी माळ सुरू झाली की पलीकडचा हातोडा थांबतो. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. आणि एक त्यांची सवय अशी, की काम संपलं तरी "झालं" म्हणत नाहीत. गिऱ्हाइकानं चार दिवस ट्रॅक्टर चालवून परत येऊन सांगितलं, की मगच म्हणतात, "हां, आता झालं."

त्या सोमवारी सकाळी त्यांच्याकडं बंकट आला होता. बंकट हा नव्या रेल्वेच्या कामावरच्या ठेकेदाराचा सुपरवायझर. आमच्या गावापुढं चार किलोमीटरवर एक खिंड फोडली आहे, तिथं रूळ टाकणाऱ्या मजुरांचा कॅम्प आहे, साठ माणसांचा. यंदा दसऱ्याच्या आधी पाऊस असा कोसळला, की कॅम्पकडं जाणारा कच्चा रस्ता ओढ्यानं धुऊन नेला. ओढ्यावर रेल्वेचा पूल तेवढा शाबूत, आणि पुलावरून खिंडीपर्यंत रूळ टाकलेले. गाडी अजून सुरू नाही. म्हणजे माणूस रुळावरून चालत जाईल, पण पाण्याचा टँकर जाणार कसा? खिंडीतलं पाणी गढूळ. ते पिऊन चारपाच पोरांना जुलाब लागलेले. मजुरांनी एक युक्ती केली होती: रुळावर ढकलायची चारचाकी ट्रॉली असते, तिच्यावर काळी टाकी ठेवून आठ माणसं ती ढकलत न्यायची. पण वाट चढाची. आठ माणसांचा अर्धा दिवस नुसता पाण्यात जायचा.

बंकटनं सांगून टाकलं होतं, "पुढच्या सोमवारपर्यंत पाण्याची सोय न्हाई लागली, तर कॅम्प बंद. संक्रांतीनंतर बघू."

कॅम्प बंद म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. दसरा उलटला की ऊसतोडीचे मुकादम ट्रक घेऊन दारोदार फिरतात. हाताला दुसरं काम नसलं की ट्रकमध्ये बसायचं. आणि मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. एकट्या नवऱ्याला घेत नाहीत.

त्या कॅम्पवर अंजना होती. ती माझ्या माहेरच्या गल्लीतली पोर, मी तिला परकरात पाहिलेली. तिचा नवरा बजरंग रुळावर कामाला, आणि ती कॅम्पवर भाकऱ्या करायची. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं उसाला न जाता घराजवळ राहिली होती. तिला सातवा महिना लागलेला. कॅम्प बंद झाला असता तर बजरंगला कोयता धरावा लागला असता, आणि कोयता म्हणजे अंजनालाही. सातव्या महिन्यात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा. मुकादम पुढच्या सोमवारी दुपारी येतो म्हणून सांगून गेला होता.

ती बातमी अंजनानंच मला दिली होती, पाण्याची घागर घेऊन पूल ओलांडून आली होती तेव्हा. मी तिला म्हटलं, "योगेश्वरी मातेवर सोड." ती म्हणाली, "मावशी, मातेवर सोडलंय, पण मातेला टँकर न्हाई ना."

हे भिंतीपलीकडून यासीनभाईंनी ऐकलं होतं. म्हणून बंकट आला तेव्हा ते आधीच तयार होते.

"ट्रॅक्टर रुळावर घालतो," ते म्हणाले.

बंकट हसला. "चाचा, रूळ म्हणजे नांगरट हाय का?"

"तू मला दोन रुळांतलं अंतर सांग. बाकी मी बघतो."

बंकटनं साहेबाला फोन लावून विचारलं आणि आकडा सांगितला: सोळाशे शहात्तर मिलिमीटर. यासीनभाईंनी तो खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहिला. साहेबानं परवानगीही दिली: पुलापासून खिंडीपर्यंतच, आणि माणसाच्या चालीनं.

आता ट्रॅक्टर कुणाचा? आमचा. आमच्या घरच्यांना, म्हणजे तानाजीरावांना, यासीनभाईंनी कट्ट्यावरच गाठलं.

"तुमचा लाल ट्रॅक्टर आठ दिवस द्या."

"कावून?"

"रुळावर चालवायचाय."

तानाजीरावांनी तंबाखू तशीच हातात धरली. "यासीन, तुझं डोकं ठिकाणावर हाय ना? आज ट्रॅक्टर रुळावर, उद्या माझ्या म्हशीला पंख लावशील."

"म्हशीचं नंतर बघू. तिचं वजन लई हाय."

तानाजीराव हसले आणि तिथंच हरले. किल्ली मीच आणून दिली.

काम असं होतं. ट्रॅक्टरची मागची मोठी चाकं उलटी बसवली की बाहेर फाकतात, तेव्हा रबरी टायर बरोबर रुळावर येतात. ओढायची ताकद त्यांचीच. पुढची लहान चाकं रुळावर येत नाहीत, ती उचलून ठेवायची, आणि त्यांच्या जागी माझ्या झाकणांसारखी काठाची दोन लोखंडी चाकं लावायची. तशीच दोन चाकं मागच्या टायरांच्या मागं, म्हणजे शेपूट घसरायला नको. मोठा काठ रुळाच्या आतल्या अंगाला घासत राहतो आणि गाडी रुळावर धरून ठेवतो. मग स्टिअरिंग फिरवायचं कामच नाही. ते दोरीनं बांधून टाकायचं.

चाकं बीडच्या लेथवरून कातून आणली. माझी झाकणं नमुना म्हणून बीडला जाऊन आली. परत आली तेव्हा हळदीच्या झाकणाला ग्रीस लागलेलं होतं. समिनाभाभी, यासीनभाईंच्या घरच्या, भिंतीवरून मला म्हणाल्या, "ताई, तुमची झाकणं तरी बीड बघून आली. मला चाळीस वर्षांत एक साडी घ्यायला न्हेलं न्हाई."

आतून यासीनभाईंचा आवाज, "साडीला काठ बघायला तुला नेलं, तर दिवसभर दुकान सोडणार न्हाईस."

"आन तुमी चाकाचा काठ बघायला तीन दिवस जाताव, त्याचं काय?"

गुरुवारी संध्याकाळी मी दिवा लावला, माळ हातात घेतली, आणि पलीकडचा हातोडा थांबला नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी भिंतीवरून डोकावले. ते चाकाला वेल्डिंग केलेला सांधा ठोकून पाहत होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. माझी सावली पडली तसे दचकले. "माफ करा वहिनी. ध्यानातच न्हाई राहिलं."

मी म्हटलं, "ठोका तुम्ही. आज त्यालाच माळ समजते."

शनिवारी सकाळी पहिली चाचणी. ओढ्याजवळ जिथं गाडीवाट रूळ ओलांडते, तिथं ट्रॅक्टर रुळावर चढवला आणि जॅकनं लोखंडी चाकं खाली बसवली. मागं ट्रॉली, ट्रॉलीवर भरलेली काळी टाकी. कॅम्पवरची सगळी माणसं पुलाच्या अलीकडं गोळा झालेली. अंजना एका दगडावर बसली होती, हात पोटावर. बंकट मोबाइल वर धरून उभा. ट्रॅक्टर चालवायला आमचेच तानाजीराव, कारण दुसऱ्याला हात लावू देणार नाहीत.

ट्रॅक्टर निघाला. वीस पावलं गेला, तीस गेला. माणसांनी शिट्ट्या मारल्या. तानाजीराव दोन्ही हात वर करून ओरडले, "बघा रे, स्टिअरिंग धरलंच न्हाई!" तेवढ्यात ट्रॅक्टर डाव्या अंगाला जरासा सरकला, परत उजव्या अंगाला सरकला, आणि खडखड करत पुढचं लोखंडी चाक रुळावरून आत, खडीत पडलं. टाकी कलंडली. टाकीतलं सगळं पाणी रुळाखालच्या खडीनं पिऊन टाकलं.

कुणाला काही लागलं नाही, ही त्या माउलीची कृपा. पण गर्दीतून एक जण ओरडला, "चाचा, बैल जुंपा बैल!" आणि हशा पिकला. बंकटनं मोबाइल खिशात घातला. "झालं चाचा. तुमी कष्ट केले, पण हे आपल्या आवाक्यातलं न्हाई. परवा मी कॅम्प उठवतो."

मला वाटलं, यासीनभाई आता आकड्यावर बोट ठेवतील. आकडा बंकटनंच दिला होता, सगळ्यांदेखत. त्यांना म्हणता आलं असतं, तूच चुकीचा सांगितलास. पण ते खाली बसले. खडीत पडलेल्या चाकाकडं पाहिलं, रुळाकडं पाहिलं. मग रूळ टाकणाऱ्या गँगमधल्या आश्रुबांना हाक मारली. आश्रुबा म्हणजे जन्मभर रुळावर काम करून पांढरे झालेले, खांद्यावर कायम एक लांब लोखंडी माप.

"आश्रुबा, दोन रुळांतलं अंतर तुमी कुठनं धरताव?"

आश्रुबांनी खांद्यावरचं माप उतरवून रुळांच्या मध्ये आडवं ठेवलं. ते दोन्ही टोकांना बरोब्बर बसलं. "हे काय. ह्या रुळाच्या आतल्या कडंपासनं त्या रुळाच्या आतल्या कडंपर्यंत."

यासीनभाईंनी त्या मापावरून बोट फिरवलं. मग उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आकडा बरोबर हाय. चूक माझी हाय. आमी ट्रॅक्टरवाले चाकाच्या मधोमध धरून मोजतो, ह्या चाकाच्या मध्यापासनं त्या चाकाच्या मध्यापर्यंत. मी तेच केलं. रूळ तसा मोजत न्हाईत. माझी चाकं चार बोटं जवळ बसली. म्हणून गाडी सैल नाचली आन पडली."

चूक मान्य करणारा मिस्त्री आमच्याकडं फार पाहायला मिळत नाही. मघाशी बैल जुंपा म्हणणारा तर जागच्या जागी खाली बघायला लागला.

बंकट म्हणाला, "मग आता?"

"रबरी टायर रुंद हाय, त्याला चार बोटांनी फरक पडत न्हाई. सगळा खेळ लोखंडी चाकांचा हाय. ती दोन दोन बोटं भाईर सरकवायची. सोमवारी सकाळी परत ये."

"आन न्हाई जमलं तर?"

"तर कॅम्प तू उठव, अंजनाला मी माझ्या घरी ठेवीन. पण तू ये."

बोलायला सोपं होतं. चाकं आसावर घट्ट ठोकून बसवलेली आणि वरून वेल्डिंगनं जोडलेली. ती छिन्नीनं तोडता आली, शनिवारी दिवस मावळेपर्यंत यासीनभाई आणि बजरंग दोघांनी आळीपाळीनं घण मारला. पण परत जोडायची कशी? आमच्या भागाची लाईट त्याच दुपारी गेली, आणि वायरमननं मंगळवार सांगितला. ठेकेदाराचं जनरेटर ओढ्यापलीकडं अडकलेलं. वेल्डिंग होणार नव्हतं.

रविवारी सकाळी यासीनभाई भिंतीपाशी आले. मी गोवऱ्या रचत होते.

"वहिनी, ह्या किती हायेत?"

"शंभर दीडशे असतील. कशाला?"

"सगळ्या द्या."

मला लगेच उमगलं. यासीनभाईंचे वडील, रहीमचाचा, बैलगाडीच्या लाकडी चाकांना लोखंडी धाव चढवायचे. मी नवी नवरी असताना पाहिलेलं आहे. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात लालभडक करायचं, की ते फुगतं. मग चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. गार होताना ते आकसतं आणि चाकाला असं आवळतं की बैल म्हातारा होईल पण धाव सुटणार नाही. खिळा नाही, वेल्डिंग नाही. तसंच आता चाक तापवून आसावर आवळायचं होतं. पण बैलगाड्या गेल्या, रहीमचाचा गेले, ती भट्टी गेली. ते काम यासीनभाईंनी लहानपणी बापाशेजारी उभं राहून पाहिलं होतं, स्वतः कधी केलेलं नव्हतं.

त्यांनी गॅरेजसमोर मातीत गोल खड्डा केला. माझ्या गोवऱ्या गोल रचल्या. एकेक चाक मधोमध ठेवून पेटवलं. आश्रुबा आपलं लोखंडी माप घेऊन मुद्दाम आले होते, ते आसाशेजारी उकिडवे बसले. चाक जांभळं झालं, मग लाल. यासीनभाईंनी त्याच्या भोकाशी आसाच्या जाडीची काडी लावून पाहिली, मान हलवली, अजून थांबले. मी आणि समिनाभाभी पाण्याच्या बादल्या घेऊन उभ्या. त्यांनी आणि बजरंगनं दोन चिमट्यांनी चाक उचललं आणि आसावर सरकवलं.

"आश्रुबा, बोला!"

"अजून. अजून एक नख. बस्स! बस्स!"

"पाणी!"

आम्ही बादल्या ओतल्या. वाफेचा लोट उठला, आणि आत लोखंडानं कुरकुर आवाज केला, जुन्या दाराचा येतो तसा. वाफ विरली तेव्हा यासीनभाईंनी चाकावर हातोडा मारून पाहिला. चाक जागचं हललं नाही. त्यांनी आभाळाकडं पाहून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. त्यांनी त्यांच्या देवाला म्हटलं, मी माझ्या वैजनाथाला.

अशी चारही चाकं झाली. तिसऱ्या चाकाला गोवऱ्या कमी पडल्या, तेव्हा समोरच्या तीन घरांतून बायकांनी आणून टाकल्या. चौथं चाक बसवताना समिनाभाभी म्हणाल्या, "अब्बा असते तर म्हणाले असते, पोरगं वयाच्या साठाव्या वर्षी शिकलं."

"म्हणाले असते, धूर लई केला," यासीनभाई म्हणाले. पण त्यांचे डोळे ओले होते. धुरानं असतील.

सोमवारी सकाळी परत सगळे ओढ्यापाशी. या वेळी शिट्टी कुणी मारली नाही. बंकट बाजूला उभा, मोबाइल खिशातच. यासीनभाई ट्रॅक्टरवर बसले नाहीत, चाकाशेजारून चालत निघाले, मान खाली, नजर त्या काठावर. मी ट्रॉलीच्या मागून चालले, पदर खोचून. माझं तिथं काय काम होतं, असं आमच्या घरच्यांनी नंतर विचारलं. माझ्या गोवऱ्या होत्या, म्हणून गेले.

चाळीस पावलं. मागच्या वेळी जिथं पडला होता तिथं खडी अजून विस्कटलेली होती. ट्रॅक्टर त्यावरून गेला. नाचला नाही. पूल आला. पुलावर खाली ओढा दिसतो, मी नाम घेत घेत पाऊल टाकत राहिले. पूल ओलांडला. मग चढ, मग खिंडीचं वळण. वळणावर काठ रुळाला घासून कर्रकर्र आवाज आला आणि यासीनभाईंनी हात वर केला, तानाजीरावांनी ट्रॅक्टर आणखी हळू केला. वळण गेलं. खिंडीतून कॅम्पच्या पत्र्याच्या खोल्या दिसल्या आणि पोरं धावत आली.

अंजना घागर घेऊन सगळ्यांच्या आधी टाकीपाशी. तोटी सोडली. स्वच्छ पाणी. ती ओंजळभर प्याली, तिनं तोंडावर मारलं, आणि घागर भरत असतानाच रडायला लागली.

"अगं, आता कशाला रडतीस," आश्रुबा म्हणाले, "टाकीत पाणी कमी हाय का?"

बंकट आला. यासीनभाईंच्या समोर उभा राहिला, मग वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "चाचा, कॅम्प न्हाई उठवत. रोज दोन खेपा करा."

दुपारी मुकादमाचा ट्रक आला. बजरंगनं त्याला पुलाच्या अलीकडंच गाठून सांगितलं, यंदा आमचा कोयता नाही. मुकादम जाताना यासीनभाईंच्या गॅरेजवरूनच गेला. थांबला, रुळावरची चाकं बघायला मिळतील का म्हणाला. समिनाभाभींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, चाकं कामावर गेली आहेत.

या गोष्टीला आता एकोणीस दिवस झाले. रोज सकाळी आणि दुपारी ट्रॅक्टर टाकी घेऊन खिंडीत जातो. अंजना कॅम्पवरच आहे, भाकऱ्या बसूनच थापते, आणि बाळंतपणाला वडवणीतच राहणार. आमच्या घरच्यांनी ट्रॅक्टर परत मागितलेला नाही. कट्ट्यावर बसून आल्या गेल्याला सांगतात, "स्टिअरिंग धरायचंच न्हाई." माझी झाकणं परत आली. हळदीच्या डब्याला आता ग्रीसचा वास येतो, आणि मी ते झाकण बदललेलं नाही.

काल संध्याकाळी माझी माळ सुरू झाली तसा पलीकडचा हातोडा थांबला. माळ संपल्यावर मी भिंतीपाशी जाऊन विचारलं, "यासीनभाई, आता तर म्हणा, झालं."

"कसं म्हणू वहिनी? थंडी पडली. सकाळी रुळावर दव असतं, चढाला टायर जागच्या जागी फिरतो. टायरसमोर बारीक वाळू सोडायला डबा लावलाय. वाळू कोरडी पायजे, चाळलेली."

आमचे घरचे ओसरीवरून म्हणाले, "यासीन, गेवराईची वाळू आणशील तर जपून. तिकडं वाळूची चोरी लई, दोन पोत्यांसाठी बी पोलीस ट्रक समजून धरतील."

"पावती घेऊन आणतो, तानाजीराव."

मग माझ्याकडं वळून त्यांनी पिठाची चाळण मागितली. मी दिली. आज सकाळी सहाच्या एस.टी.नं ते गेवराईला गेले आहेत, दोन पोती वाळू आणायला.